दोन नावं कमी करणे

उदगीरच्या तहसिलीत
खिडकी क्रमांक चारसमोर मी उभी आहे.
आईचं नाव पौषात, अप्पांचं फाल्गुनात.
बसवराज चाकणहून फोनवर म्हणाला,
'तूच जा ताई, मला सुट्टी नाही.'

बाहेर जिथं झेरॉक्सची दुकानं आहेत
तिथं चिंच होती.
चिंचेखाली पोतं, पोत्यावर अप्पा,
मन्मथप्पा, दरखास्त लिहिणारे.
अर्ज म्हणायचे नाहीत कधी. दरखास्त.
एकेचाळीस वर्षं लोकांची दुःखं
समास सोडून, नीट अक्षरात लिहिली त्यांनी.
विहीर ढासळली, म्हैस चोरीला गेली,
भावानं बांध कोरला, नवरा नांदवत नाही.
समोरचा रडायला लागला की म्हणायचे,
'आधी तारीख सांग. रडणं मागून.'

आई बाराला डबा घेऊन यायची
आणि त्यांचं जेवण होईपर्यंत उभीच.
'बस की, नागर.'
'चूल चालू हाय घरी.'
चूल चालू नसायची.
तिला बसताच यायचं नाही.
जेवतानाही एक गुडघा उभा,
कुणी हाक मारली तर उठायला बरं.

वीतभर जमीन नव्हती आमची,
तरी येळवशीला सात-आठ शेतांची आवतनं.
दरखास्त मंजूर झालेला बोलवायचाच,
नामंजूर झालेला जरा जास्त आग्रहानं.
प्रत्येक खोपीत घोटभर आंबील,
आणि परतताना निकाल:
'देवणीवाल्याची आंबट. तोंडारवाल्याची बरी.'
'उलटं सांगलालाव तुम्ही,' आई म्हणायची,
आणि गावात शिरेपर्यंत भांडण.
दोघं भांडायचे ते फक्त आंबिलीवरून.

आणि एकदा माझ्यावरून.
लग्न होऊन मी भालकीला गेले
आणि आठव्या दिवशी अप्पांनी
रेशनकार्डातून माझं नाव कमी केलं.
'नियम आहे.'
आई चार दिवस बोलली नाही त्यांच्याशी.
मी त्याहून जास्त.

काशीनाथचं नाव मात्र राहिलं.
माझ्या पाठचा. चौथ्या वर्षी गोवरानं नेला.
पुरवठ्याचा माणूस दारात आला की
आई अप्पांकडे बघायची,
अप्पा चष्मा पुसत म्हणायचे,
'दरखास्त लिहायची राहिली.'
त्याच्या वाट्याची साखर
आई आमच्या डब्यात मिसळायची नाही.
पुडी बांधून न्यायची चिंचेच्या बुडाशी,
मुंग्यांना.
अप्पा लिहीत असायचे. मान वर नाही.
फक्त पोतं थोडं सरकवायचे,
वाट द्यायला.

आमच्यात बसवून पुरतात.
आईला खाली बसवली, पाठ टेकवली,
कपाळभर विभूती लावली,
तेव्हा बसवराज इतकंच म्हणाला,
'बस गं आता.'
अप्पा काठाशी खुर्चीत होते.
त्यांनी विचारलं,
'आज तारीख काय?'

अप्पांना बसवायला वेळ लागला नाही.

खिडकीतला पोरगा पडद्यावर बोट फिरवतो.
'दोन म्हणलात ना? इथं तिसरं बी दिसतंय.
काशीनाथ मन्मथ हुडगे, वय सत्तेचाळीस.
आधार जोडलेलं नाही.
ही दोन कमी केली की कार्डावर हे एकटेच.
म्हणजे कुटुंबप्रमुख हेच होतील.
असतात कुठं?'

सत्तेचाळीस.
म्हणजे चष्मा लागला असेल.
म्हणजे येळवशीला जाऊन आला असेल,
कुणाची आंबील आंबट ते सांगत असेल बायकोला.
कुटुंबप्रमुख. गोवराचे डाग गेले असतील.

'दरखास्त लिहायची राहिली,' मी म्हणाले.
'काय?'
'काही नाही. दोनच नावं.'

येताना पावशेर साखर घेतली.
चिंच तर नाही.
मुंग्या असतील कुठं तरी.